वाईच्या वाड्यातले लग्न आणि सहा फुटांची सावली

मी पुण्यात भांड्यांच्या एका कंपनीसाठी कॅटलॉगची छायाचित्रे काढते. कुकर, कढया, डबे, पातेल्यांचे संच. गेली अकरा वर्षे माझ्यासमोर जे ठेवले जाते ते ठेवले तिथेच राहते, त्याला डुलकी लागत नाही, ते रडत नाही आणि त्याचा मुहूर्तही नसतो. त्यामुळे २४ नोव्हेंबर २०२४ च्या रविवारी संध्याकाळी कंपनीतल्या एका तरुण सहकारी मुलीचा फोन आला आणि तिने, “ताई, माझ्या लग्नाचे फोटो तुम्ही काढाल का?” असे विचारले, तेव्हा मी तिला तीन व्यावसायिक छायाचित्रकारांचे क्रमांक देऊन मोकळी झाले. दोन दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला. लग्न वाईला, त्यांच्या राहत्या वाड्यातच करायचे, असा तिच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजीचा आग्रह होता, पाहुणे साठ-पासष्टच असणार होते आणि आजीची अट अशी होती की घरात कॅमेऱ्याची पाच-सहा अनोळखी माणसे, दिवे आणि तिकाटणी नाचता कामा नयेत. तीनही छायाचित्रकारांनी किमान चार माणसांचा चमू येईल असे सांगितले होते. म्हणजे माझी निवड माझ्या कौशल्यामुळे नव्हे, तर माझ्या एकटेपणामुळे झाली होती, आणि हे कळल्यावर मला बराच धीर आला.

असे काम आयुष्यात पहिल्यांदाच अंगावर घेणाऱ्या कोणाला उपयोग होईल म्हणून सगळे क्रमाने लिहिते आहे, चुकांसकट.

पहिली भेट ८ डिसेंबरला ठरली. पुण्याहून निघून खंबाटकीचा घाट उतरले, सुरूर फाट्याला उजवीकडे वळले आणि अडीच तासांत वाईला पोहोचले. रविवारी याच रस्त्याने महाबळेश्वर-पाचगणीचे पर्यटकही जातात, तेव्हा सकाळी सातच्या आत पुणे सोडावे. वाडा कृष्णेच्या काठापासून दोन आळ्या आत आहे. माडीच्या तुळईवर शके १७१९ कोरलेले आहे, म्हणजे इसवी सन १७९७. दिंडी दरवाजा इतका बुटका आहे की कॅमेऱ्याची पिशवी पाठीवर असताना मी पहिल्याच पावलाला अडकले. आत देवडी, मग चौक, चौकाच्या तीन बाजूंना ओसऱ्या आणि वर माडी, दक्षिणेला मात्र एकमजली पडवी. माजघराला एकच खिडकी, तीही परसाकडे उघडणारी. चौकात तुळशीवृंदावन असल्यामुळे मांडवाला खरी जागा उरत होती ती साधारण अठरा फूट लांब आणि चौदा फूट रुंद.

त्या दिवशी मी बाराच्या सुमारास चौकात उभी राहिले आणि दक्षिणेच्या पडवीची सावली पावलांनी मोजली. ती साडेनऊ फुटांच्या आसपास भरली. मला आनंद झाला. वधू-वरांना या सावलीत बसवायचे, समोरच्या उजळ ओसरीवरून परतणारा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर येईल आणि काम फत्ते होईल, असा आराखडा मी वहीत काढला. लग्न २३ फेब्रुवारीला, मुहूर्त १२ वाजून २४ मिनिटांचा. वेळ तीच, जागा तीच, मग सावलीही तीच असणार, असे मी गृहीत धरले. शाळेत भूगोल शिकलेल्या माणसाने असे गृहीत धरू नये.

चूक लक्षात आली १९ जानेवारीला, दुसऱ्या भेटीत. त्याच वेळी, त्याच ठिकाणी सावली पाऊणएक फुटाने आखडली होती. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला बराच खाली असतो आणि फेब्रुवारीअखेर तो चांगलाच वर सरकलेला असतो, हे तेव्हा कुठे डोक्यात शिरले. मोबाइलवरच्या सूर्याची दिशा दाखवणाऱ्या अॅपवर लग्नाची तारीख टाकली, तेव्हा वाईला त्या दुपारी सूर्याची उंची साधारण ६२ अंश असेल असे दिसले. ८ डिसेंबरला ती ४९ अंश होती. पडवीची वळचण अकरा फुटांवर, म्हणजे मुहूर्तावर सावली जेमतेम सहा फूट. त्या सहा फुटांत वधू-वर, दोघांचे आईवडील, गुरुजी आणि होमकुंड मावणे शक्य नव्हते. अर्धे लोक भर उन्हात आणि अर्धे गडद सावलीत, असे चित्र कुठल्याही कॅमेऱ्याला नीट पेलत नाही. एकाचा चेहरा पांढरा फटक पडतो, नाहीतर दुसऱ्याचा काळा.

यावर उपाय म्हणजे चौकावर कापड ताणणे. मांडववाल्याकडे लाल, केशरी आणि पिवळे कापड तयार होते. पण रंगीत कापडातून उतरणारा उजेड चेहऱ्यावर त्याच रंगाची छटा पाडतो आणि ती नंतर संगणकावर काढताना हिरव्या शालूचा आणि हळदीचा रंगही बिघडतो. मी पांढरे कापड सुचवले. आजी म्हणाल्या, “लग्नात पांढरा मांडव? माझ्या उभ्या आयुष्यात पाहिला नाही.” त्यांचे बरोबरच होते. अर्धा तास चर्चा झाली आणि शेवटी वधूच्या बाळकाकांनी तोडगा काढला, तो म्हणजे मादरपाट. ब्लीच न केलेल्या सुताचे हे कापड किंचित पिवळसर असते, त्यामुळे अशुभ दिसत नाही आणि उजेडही मऊ, उबदार पडतो. कडेने आंब्याची तोरणे आणि झेंडूच्या माळा सोडायच्या. होमाच्या धुरासाठी पूर्वेकडे हातभर फट ठेवायची. कापडाचे अडीच हजार रुपये घरच्यांनी दिले. संपूर्ण लग्नात छायाचित्रांसाठी झालेला सर्वांत उपयोगी खर्च हाच होता, माझ्या भाड्याच्या भिंगांपेक्षाही.

कराराचा विषय मला काढायला संकोच वाटत होता, पण काढला हे बरे झाले. आपल्याकडे १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील कलम १७ प्रमाणे, कोणी मोबदला देऊन छायाचित्रे काढून घेतली तर वेगळा करार नसल्यास त्या छायाचित्रांचा पहिला मालक ती काढून घेणारा असतो, काढणारा नव्हे. बहुतेक हौशी छायाचित्रकारांना हे उलटे ठाऊक असते, मलाही होते. आम्ही असे लिहिले की मालकी कुटुंबाचीच राहील, मला माझ्या कामाचा नमुना म्हणून फक्त वाड्याची आणि वस्तूंची छायाचित्रे दाखवता येतील आणि माणसांची एकही प्रतिमा लेखी संमतीशिवाय कुठेही टाकली जाणार नाही. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर करू असे म्हणत गेले, तर ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभर आणि दोनशेच्या जागी पाचशे रुपये लागतात असे कळले. पाचशे रुपये मी भरले. मानधन अठ्ठावीस हजार ठरले, त्यातले दहा हजार आगाऊ. किती छायाचित्रे देणार, कधी देणार आणि कॅमेरा बंद पडला तर काय, हे तिन्ही मुद्दे लिहून काढल्यावर मला रात्री झोप लागू लागली.

वधूच्या चुलतभावाला ड्रोन उडवायचा होता. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला २०२१ च्या नियमांनुसार वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही, हे त्याने मला फार अभिमानाने ऐकवले. मी त्याला एवढेच म्हटले की चौकावर कापड ताणल्यावर वरून फक्त कापड दिसेल. विषय मिटला.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी गुरुजींना फोन केला. ज्यांना लग्नात पहिल्यांदा उभे राहायचे आहे त्यांनी हा फोन टाळू नये, कारण विधींचा क्रम घराण्याप्रमाणे आणि गुरुजींप्रमाणे थोडाफार बदलतो. गुरुजींनी पंचवीस मिनिटे शांतपणे सगळे सांगितले. आदल्या दिवशी ग्रहमख आणि देवक, संध्याकाळी सीमांतपूजन, लग्नाच्या सकाळी गौरीहर, मग अंतरपाट, मंगलाष्टके, कन्यादान, विवाहहोम, लाजाहोम, सप्तपदी. “होमाच्या वेळी माझ्या उजव्या हाताला उभ्या राहू नका, तिकडून समिधा आणि तूप येत-जात असते. आणि मंत्र चालू असताना ‘पुन्हा एकदा हात धरा’ असे वधू-वरांना सांगू नका. पाणिग्रहण एकदाच होते,” असे ते म्हणाले. मी ते शब्दशः वहीत उतरवले.

उपकरणांबाबत थोडक्यात. माझा एक कॅमेरा होता, दुसरा भाड्याने घेतला, कारण एकुलत्या एका कॅमेऱ्यावर दुसऱ्याच्या लग्नाची जबाबदारी घेणे मला योग्य वाटत नाही. सोबत ३५ आणि ८५ मिलिमीटरची दोन भिंगे, दोन्हींचे छिद्र १.८ पर्यंत उघडणारे, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारे. तीन दिवसांचे भाडे ५,४०० रुपये झाले, आधार कार्डाची प्रत आणि अनामत रक्कम वेगळी. दोन्ही कॅमेरे एकाच वेळी दोन कार्डांवर नोंद करणारे होते. झूम भिंग नेले नाही. एवढ्याशा चौकात मागे सरकायला जागा नव्हती आणि माजघरात उजेड नव्हता.

शनिवारी, २२ फेब्रुवारीला सकाळी साडेआठला मी वाड्यात पोहोचले. ग्रहमखाची तयारी चालू होती. देवघराच्या उंबऱ्याशी मी वाकले, तोच आजींचा आवाज आला, “बाई गं, हा पट्टा कशाचा?” कॅमेऱ्याचा पट्टा चामड्याचा होता. सोवळ्यात चामडे चालत नाही, हे मी लहानपणापासून ऐकले आहे, माझ्या आजीच्या घरी कमरेचा पट्टाही देवघरात चालत नसे, तरी दोन महिन्यांच्या तयारीत ही एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. बाळकाकांनी परसातून सुती नाडीची गुंडाळी आणली, मी पट्टा काढून ती बांधली आणि पुढचे दोन दिवस दीड किलोचे यंत्र परकराच्या नाडीवर लटकत राहिले. जुन्या घरात काम करणार असाल, तर कापडी पट्टा आधीच लावून जा.

बाळकाका हे या लग्नातले माझे खरे सहायक. वय बासष्ट, सेवानिवृत्त, आणि घरच्यांनी “तुम्ही फक्त हिला काय हवं नको ते बघा” असे सांगितलेले. मी थर्माकोलचा दोन बाय तीन फुटांचा पांढरा तुकडा पुण्याहून आणला होता, खिडकीचा उजेड परतवण्यासाठी. काकांनी तो एकदा हातात घेतला आणि दोन दिवस खाली ठेवला नाही. मी काही बोलायच्या आत ते योग्य कोनात उभे असत. पहिल्या तासात त्यांना समजले की प्रकाश कुठून येतो यापेक्षा तो कुठे हवा आहे हे महत्त्वाचे, आणि हे समजायला मला नोकरीची पहिली दोन वर्षे लागली होती.

त्या संध्याकाळी सीमांतपूजन ओसरीवर झाले. तिथे मी पहिली मोठी चूक केली. मंत्रांत खटखट नको म्हणून कॅमेरा निःशब्द, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर ठेवला होता. रात्री माडीवर बसून प्रतिमा पाहिल्या, तर निम्म्यांवर आडवे करडे पट्टे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण इलेक्ट्रॉनिक शटर प्रतिमा ओळीओळीने वाचते, तेव्हा पट्ट्यांच्या रूपात बरोबर उमटते. दुसऱ्या दिवशी घरात सर्वत्र यांत्रिक शटर आणि वेग सेकंदाचा शंभरावा भाग, असे ठरवून मी झोपले. झोपले म्हणजे पडले. कडीपाटाच्या छताकडे बघत, खाली पाणी भरणाऱ्या बायकांचे बोलणे ऐकत, उद्या अंतरपाट दूर होताना मी कुठे असेन याचाच विचार करत होते.

रविवारी पहाटे पाचला उठले. आठ वाजता वराकडची मंडळी ढोल्या गणपतीच्या दर्शनाला घाटावर गेली. हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधले. पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची केलेली आहे. गाभाऱ्यात मी कॅमेरा नेला नाही. बाहेर पायऱ्यांवर नवरदेव एकटाच दोन मिनिटे नदीकडे बघत उभा होता, मुंडावळ्या अजून खिशात. तेवढे एक छायाचित्र घेतले आणि वाड्याकडे पळाले, कारण वधू गौरीहराला बसणार होती.

ही चाळीस मिनिटे मला सगळ्यांत जास्त आठवतात. माजघरात पिवळ्या अष्टपुत्रीत वधू पाटावर बसली होती, समोर गौरीहर मांडलेला, आणि ती चिमटीने तांदूळ वाहत ओठांतल्या ओठांत काही म्हणत होती. मी आजींच्या परवानगीने ट्यूबलाइट बंद केली होती, कारण तिचा हिरवट आणि बल्बचा पिवळा उजेड एकत्र आला की त्वचेचा रंग काही केल्या जुळत नाही. उरला तो परसाकडच्या खिडकीतून येणारा उजेड आणि दोन समया. कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, ६४०० पर्यंत चढवावी लागली. प्रतिमेत रवा पसरल्यासारखे कण दिसतात, आणि मी ते नंतरही पुसले नाहीत. आजी तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसल्या होत्या. दोघी एकमेकींशी काहीही बोलल्या नाहीत. मध्येच आजींनी हात पुढे करून तिच्या पदराची चुणी सारखी केली, पुन्हा मांडीवर हात ठेवला. एवढेच. लहान लग्नात अशा वेळी छायाचित्रकाराला गर्दीचा आडोसा नसतो. तीन माणसांच्या खोलीत आपण तिसरे असतो, आपल्या श्वासाचाही आवाज होतो. मी चाळीस मिनिटांत अकराच वेळा बटण दाबले. कंपनीत एका कढईचे मी साठ वेळा काढते.

बारा वाजता मामा तिला न्यायला आले. चौकात मादरपाटाखाली उजेड अगदी हवा तसा पडला होता, कुठेही कडक कडा नाही, सर्वांचे चेहरे सारखे. अंतरपाटाच्या वेळी वधू-वर एकमेकांकडे तोंड करून पूर्व-पश्चिम उभे राहतात, म्हणून मी दक्षिणेला पडवीच्या पायरीवर जागा धरली. दोघे बाजूने दिसत होते. मंगलाष्टके संपत आली, आत्या शेवटचे कडवे स्वतः रचलेले म्हणत होत्या, मी बोट बटणावर ठेवले, “सावधान” झाले, अक्षता उडाल्या, अंतरपाट खाली आला आणि त्याच क्षणी वराच्या एका काकांनी मोबाइल उंच धरून एक पाऊल पुढे टाकले. माझ्याकडे त्या क्षणाच्या नऊ प्रतिमा आहेत, नऊच्या नऊ प्रतिमांत त्यांची पाठ आणि फेटा आहे. काकांचा राग येत नाही. माझा येतो, कारण सभागृहात व्यासपीठ असते आणि घरात नसते, हे माहीत असूनही मी एकाच जागी खिळून राहिले. दुसरा कॅमेरा समोरच्या माडीच्या कठड्याला बांधून ठेवता आला असता, आणि हे शहाणपण मला रात्री दहाला सुचले.

कानपिळीही हुकली. लाजाहोमाच्या वेळी मी गुरुजींच्या सूचनेप्रमाणे त्यांच्या डाव्या हाताला होते, वधूच्या भावाने नवरदेवाचा कान धरला, सगळे हसले आणि माझ्यासमोर सागवानी खांब होता. खांब दोनशे वर्षांपासून तिथेच आहे, तो मधे आला असे म्हणता येत नाही. सप्तपदी मात्र नीट मिळाली. तांदळाच्या सात राशी, वधूच्या पावलाचा अंगठा आणि पैंजण, पुढे धुराचा पातळ पडदा. पूर्वेकडच्या फटीतून धूर निघून जात होता, पण जाताना एकेका उन्हाच्या तिरिपेत अडकत होता. त्या पाच-सहा प्रतिमा पाहताना अजूनही मला बरे वाटते.

त्याआधी, साडेबाराच्या आसपास, फ्यूज उडाला होता. स्वयंपाकघरातला मोठा मिक्सर आणि ओसरीवरचे पंखे यांचा भार जुन्या वायरिंगला झेपला नाही. काकांनी थर्माकोल काखेत धरूनच फ्यूजची तार बदलली. माझ्या बॅटऱ्या आदल्या रात्रीच चार्ज केलेल्या असल्यामुळे काही अडले नाही. जुन्या घरात दिवसभरात प्लग मिळेल यावर विसंबू नये.

जेवणानंतर तीन वाजता सगळ्या बासष्ट जणांचे एकत्र छायाचित्र घ्यायचे, असे माझ्या वेळापत्रकात होते. त्या वेळापत्रकात एक गोष्ट नव्हती. २३ फेब्रुवारी २०२५ ला दुबईत चॅम्पियन्स करंडकातला भारत-पाकिस्तान सामना होता आणि तो अडीच वाजता सुरू झाला. तीन वाजता चौकात बायका, मुले आणि गुरुजी एवढेच उरले होते. बाकीचे माडीवर, एका मोबाइलभोवती. वाड्याच्या कडीपाटावर एका वेळी दहा-बाराच माणसांनी जावे असे घरच्यांनी आधीच सांगून ठेवले होते, वर मात्र अठरा जण होते. आजी खालूनच गरजल्या, “अरे, तुळया माझ्या सासऱ्यांच्या आहेत, तुमच्या नव्हेत!” आठ जण खाली आले, पण चौकात नाही, ओसरीवर दुसऱ्या मोबाइलपाशी.

मी चिडले होते, हे कबूल करते. पण पाकिस्तानचा डाव २४१ वर आटोपला तो सहाच्या सुमारास, आणि दोन डावांच्या मधल्या सुट्टीत सगळा पुरुषवर्ग आपणहून खाली आला. तोवर ऊन कलले होते. दिंडी दरवाजासमोरच्या आळीत मी सगळ्यांना उभे केले, वडीलधारी खुर्च्यांवर, मुले पुढे जमिनीवर, आणि मी समोरच्या घराच्या जोत्यावर. सूर्यास्ताआधीचा अर्धा तास, आळीत थेट ऊन नाही, आभाळाचा मऊ उजेड. तीन वाजता हेच छायाचित्र घेतले असते तर बासष्ट जणांचे डोळे उन्हाने मिटलेले मिळाले असते. लग्नाच्या दिवशी सामना आहे का, हे पाहून ठेवावे, आणि असलाच तर मधली सुट्टी आपली समजावी.

सातला पाठवणी झाली. ती मी दुरून, देवडीच्या आतून घेतली, पाचच प्रतिमा. विराटचे शतक होऊन भारत जिंकला तेव्हा वधू साताऱ्याला सासरी पोहोचली होती आणि मी माडीवर कार्डांची दुसरी प्रत करत बसले होते. तिसरी प्रत पुण्यात. ती होईपर्यंत कार्डे पुसायची नाहीत.

एकूण २,१४० प्रतिमा निघाल्या. नोकरी सांभाळून रोज रात्री दोन तास, शनिवार-रविवारी जास्त, असे एकेचाळीस तास निवडीत आणि संस्करणात गेले. ३८० छायाचित्रे १६ मार्चला पाठवली. अंतरपाटाच्या नऊंपैकी एक मी मुद्दाम ठेवली आणि सोबत लिहून कळवले की हा क्षण आणि कानपिळी माझ्याकडून हुकली आहे. त्यांना सापडण्याआधी आपण सांगितलेले बरे. वधूच्या आईंचा फोन आला तो वेगळ्याच कामासाठी. विवाह नोंदणीच्या अर्जाला, म्हणजे नमुना ‘ड’ला, विधीचे छायाचित्र जोडायचे होते आणि कार्यालयात दोघांचेही चेहरे समोरून स्पष्ट दिसणारे मागितले होते. माझ्या ३८० पैकी जवळजवळ प्रत्येकात दोघे एकमेकांकडे, होमाकडे नाहीतर खाली बघत होते. शेवटी वगळलेल्या प्रतिमांत एक सापडली, हार घातलेले दोघे सरळ कॅमेऱ्याकडे बघताहेत, चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखे भाव. मी ती रटाळ म्हणून बाजूला टाकली होती. तीच ४ बाय ६ इंचांत छापून गेली. सप्तपदीनंतर एक मिनिट काढून असे एक सरळसाधे छायाचित्र न विसरता घ्यावे. पुरोहितांची आणि तीन साक्षीदारांची सहीही अर्जावर लागते, ती कुटुंबाने लग्नाच्या दिवशीच घेऊन ठेवली होती, हा त्यांचा शहाणपणा.

अल्बम तीस पानांचा, छपाई आणि बांधणी मिळून ९,८०० रुपये. चार फेऱ्यांचे पेट्रोल आणि टोल ५,२००. भाडे, मुद्रांक धरून खर्च २०,९०० झाला आणि हाती ७,१०० रुपये राहिले. पुढच्या वेळी मानधन अधिक सांगेन, पण पहिल्या वेळी हिशेब असाच बसतो, असे या क्षेत्रातल्या एका जुन्या मित्राने मला आधीच सांगितले होते.

अल्बम घेऊन २७ एप्रिलला वाईला गेले. आजींनी तो ओसरीवर झोपाळ्यात बसून पाहिला, चष्मा वर-खाली करत, आणि पाहुण्यांची नावे मोठ्याने घेत. मी लग्नाआधी पाहुण्यांची यादी मागवून घेतली होती आणि प्रत्येकाचे किमान एक छायाचित्र आहे ना, याची खूण करत गेले होते, त्यामुळे निर्धास्त होते. शेवटचे पान उलटून आजी म्हणाल्या, “सगळे आले. आमचा बाळ कुठाय?” मी अल्बम हातात घेतला. मग लॅपटॉप उघडला. ३८० पाहिल्या, वगळलेल्याही चाळल्या. समूहाच्या छायाचित्रातही काका नव्हते. त्या वेळी ते माझ्या मागे, जोत्यावर, थर्माकोल धरून उभे होते. एका प्रतिमेच्या कोपऱ्यात पांढऱ्या थर्माकोलची कड आणि त्यावर चार बोटे दिसतात, तेवढेच. यादीत त्यांचे नाव मी पाहुण्यांत धरलेच नव्हते.

काका “अगं असू दे” म्हणत आत निघून गेले. आजींनी त्यांना परत बोलावले आणि लग्नातला फेटा घालून यायला सांगितले. बारा वाजून गेले होते, मांडव कधीच उतरला होता, आणि एप्रिलचा सूर्य जवळजवळ डोक्यावर आल्यामुळे चौकात पडवीची सावली दीड फूटही उरली नव्हती. मी काकांना पडवीत आत घेतले आणि थर्माकोल धरायला कोणी आहे का म्हणून इकडेतिकडे पाहिले. आजी झोपाळ्यावरून उठल्या.